मृगाच्या बागेचे पैसे अन् सिंगापूर

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

«काकू, नमस्कार. वरूड तालुक्यातलं आमचं गाव. चार एकर संत्रा, तीन एकरात कापूस अन् तूर, घरी दोन म्हशी. यंदा मृगाची बाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलून फेब्रुवारी-मार्चला उतरणारी संत्री, चांगली गेली. व्यापाऱ्यानं ५ लाख ४० हजार दिले, एक रुपया न बुडवता. आता आमचे हे म्हणतात, मे महिन्यात सिंगापूर-मलेशिया करू. यांचे चार मित्र सहकुटुंब चालले आहेत. एक कृषी केंद्रवाले, दोन मास्तर, एक ठेकेदार. सात दिवस, मुंबईहून मुंबईपर्यंत, आम्हा चौघांचे ५ लाख २० हजार. मुलगी सतरा वर्षांची, अकरावी झाली, नीटची तयारी करते. मुलगा तेराचा. सासूबाई एकाहत्तरच्या, गुडघ्यांमुळे घरीच राहतील.

सोसायटीचं १ लाख ८० हजार पीककर्ज आहे. मागच्या उन्हाळ्यात एक बोअर आटला, नव्याचे दीड लाख सांगतात. मुलीच्या क्लासचे ७० हजार द्यायचे आहेत. हे म्हणतात कर्ज भरू, जूनमध्ये पुन्हा उचलू, कमी पडलं तर तुझ्या गोफावर काढू. 'जिंदगीभर वावरातच मरायचं काय?' म्हणतात, अन् त्यावर मला उत्तर सुचत नाही. मुलगी म्हणते मला नाही यायचं, क्लास बुडेल. मुलगा रोज मोबाइलवर युनिव्हर्सल स्टुडिओ पाहून राहिला. जाऊ म्हणते, 'कर्जमाफी मागायला पुढं, अन् फिरायला सिंगापूर.' नाही म्हटलं तर मी कंजूष, हो म्हटलं तर उधळी. तसं मलाही जावंसं वाटते. मी अजून समुद्र पाहिला नाही. काय करू?
एक वाचक, वरूड तालुका»

पोरी,

आधी तुझ्या जावेचं निपटवू, म्हणजे पुढच्या हिशेबात ती मधे मधे येणार नाही. कास्तकारानं पोरीच्या लग्नात आठ लाख लावले, तेरवीला दोन गावं जेवू घातली, तर कर्जमाफीचं नाव कोणी काढत नाही. उलट 'खूप केलं बावा त्यानं' म्हणतात. तेच पैसे घेऊन तो बायकोपोरांसकट विमानात बसला की गावाला सोसायटीची थकबाकी आठवते. वरूड-मोर्शीला 'विदर्भाचं कॅलिफोर्निया' म्हणून भाषणात मिरवायचं, अन् त्याच कॅलिफोर्नियातल्या बाईनं सिंगापूरचं नाव काढलं की नाकं मुरडायची! अन् परदेश तर तुमच्या वावरात कधीचाच येऊन बसला आहे. बांगलादेशात आपल्या संत्र्यावर २०१९ साली किलोमागे २० रुपयांच्या आसपास आयात शुल्क होतं, ते चढत चढत २०२३ मध्ये ८८ वर गेलं. शिक्का बसला तिकडं ढाक्यात, अन् सौदे तुटले इकडं तुमच्या धुऱ्यावर. परदेशाचं एवढं आपल्या घरावर चालते, तर तो एकदा डोळ्यानं पाहायला जावेची परवानगी कशाला लागते?

हे झालं लोकांचं. आता पैशाचं. मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी पीककर्जाच्या टेबलावर. मार्च उजाडला की 'नवं-जुनं' करायला रांग लागायची. आज भरणा करायचा, काही दिवसांनी पुन्हा उचलायचं. मुदतीत भरलं की तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, पंजाबराव देशमुखांच्या नावाची ती व्याज सवलत तुला माहीतच असेल. तेव्हा भरणा करणं शहाणपणाचंच आहे, त्यात वाद नाही. पण नवं-जुनंची एक गंमत मी कितीतरी घरांत पाहिली. खातं निरंक झालं की माणसाला वाटते आपण मोकळे झालो. अन् जूनमध्ये उचल येणारच आहे म्हटल्यावर आजचा पैसा फालतू वाटायला लागतो. 'कर्ज भरू, पुन्हा उचलू' या वाक्यात तुझे मालक काय म्हणून राहिले ते नीट ऐक. बियाणं-खत सोसायटीच्या पैशातून अन् सिंगापूर बागेच्या पैशातून. जागांची अदलाबदल करून पाहा. बागेच्या पैशातून बियाणं-खत, अन् पीककर्जातून सिंगापूर. रक्कम तीच, घर तेच. बँकेच्या दप्तरात हे कुठं दिसत नाही, म्हणून कोणाला खटकत नाही. मला खटकायचं, पण टेबलापलीकडच्या माणसाला विचारायची माझी नोकरी नव्हती. आता तूच विचारलंस म्हणून सांगते.

वहीत मांडू. आले ५ लाख ४० हजार. कर्जाचे १ लाख ८० गेले, राहिले ३ लाख ६०. बोअरचे दीड लाख बाजूला ठेवले, राहिले २ लाख १०. क्लासचे ७० हजार भरले, राहिले १ लाख ४०. जूनचा आकडा तू लिहिला नाहीस. कपाशीच्या बीटी बियाण्याची थैली २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयांना होती, पण थैलीनं कोणी बुडत नाही. खत, फवारणी, निंदण, ताण तुटल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात तोडलेलं पाणी पुन्हा सुरू झाल्यावर, बागेला लागणारं सगळं, सालदाराचे पाडव्याला ठरलेले, हे मिळून मी सव्वा लाख धरते. तुला कमी वाटलं तर वाढव, तुझं वावर तुला जास्त कळते. म्हणजे पुन्हा कर्ज न उचलता वर्ष काढायचं तर तुझ्या हातात उरतात १५ हजार. उचलून काढायचं तर १ लाख ४० हजार. तुमचे फिरायचे खरे पैसे या दोन आकड्यांच्या मधात कुठंतरी आहेत. ५ लाख २० हजार त्याच्या पंचक्रोशीतही नाहीत.

जवाईबुवा म्हणतील, बोअर यंदाच केला पाहिजे असं कुठं लिहिलं आहे? लिहिलं नाही, खरं आहे. मृगवाल्यांची बाग मे महिन्यात ताणावर असते, पाणी द्यायचं नसतेच, त्यामुळं उन्हाळ्यात बोअरची याद येत नाही. याद येते दिवाळीनंतर, फळ भरायच्या वक्ताला, अन् ते फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर धरून ठेवावं लागते. एक बोअर गेला, दुसऱ्यावर चार एकर बाग, अन् आपल्या भागात भूजलाचा उपसा किती झाला ते तुमच्या गावच्या कोणत्याही विहिरीत वाकून पाहिलं तरी दिसते. दुसरा बोअर टिकला तर पैसे वाचले. नाही टिकला तर पुढच्या वर्षीच्या बागेसोबत झाडंही जातील, अन् शेंदूरजनाघाटहून आणलेली कलम लावून ती फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. तू पत्रात लिहिलंस, व्यापाऱ्यानं 'एक रुपया न बुडवता' पैसे दिले. पगारदार माणूस असं कधी लिहितो का, की या महिन्यात सरकारनं पगार न बुडवता दिला? त्या चार शब्दांत तुमच्या उत्पन्नाचा सगळा स्वभाव आला. दोन्ही मास्तरांचा पुढच्या मार्चचा पगार ठरलेला आहे. तुमचा पुढचा मृग अजून फुलायचाच आहे.

गोफावरच्या कर्जाचं एका ओळीत. नाही. दवाखान्यासाठी काढ, बोअरसाठी काढ, पोरीच्या कॉलेजसाठी काढ, पण सात दिवसांच्या फिरण्यासाठी गळ्यातलं बँकेच्या तिजोरीत घालू नको. यावर मी वाद घालत नाही.

बरं, त्या ५ लाख २० हजारांत सगळं येते असंही समजू नको. मुंबईहून मुंबईपर्यंत म्हणजे वरूड ते मुंबई अन् परत हे वरून. दुपारची जेवणं किती, व्हिसाचे पैसे धरले की नाही, गाइड-ड्रायव्हरच्या टिपा कोणी द्यायच्या, कोणती तिकिटं आत अन् कोणती 'ऐच्छिक', हे एजंटकडून लेखी घ्यायचं असते. शिवाय परदेशी पॅकेज विकताना टूरवाल्यांना टीसीएस म्हणून काही कर आधीच कापून घ्यावा लागतो. तो पैसा बुडत नाही, पण परत मिळवायला इन्कम टॅक्सचं रिटर्न भरावं लागते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून तुमच्या घरी आजवर कोणी रिटर्न भरलं नसेल. मास्तर लोक भरतात, त्यांना तो पैसा आपोआप वळता होईल. तुमचा मात्र कोणी पाठपुरावा केला नाही तर तसाच पडून राहील. सहलीच्या गप्पांत हा फरक कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला तो लागूच होत नाही.

हवेचंही ऐक. नवतपाच्या तोंडावर आपण ४५ अंशांतून पळ काढतो तेव्हा वाटते कुठंही थंडच असेल. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे. तिथं बारा महिने एकतीस-बत्तीस अंश, अंगाला चिकटणारा दमटपणा, अन् केव्हाही कोसळणारा पाऊस. आपल्यापेक्षा बरंच, पण गारवा नव्हे.

अन् जवाईबुवा खर्रा खातात का, हे तू लिहिलं नाहीस. खात असतील तर आजच सांगून ठेव. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, बॅगेत नेली तरी गुन्हा. च्युइंगगमसुद्धा १९९२ पासून विकू देत नाहीत, तिथं खर्र्याची काय कथा. हे एक कलम माहितीपत्रकात ठळक छापलं तर वरूड तालुक्यातल्या निम्म्या सीटा आपोआप रद्द होतील!

थट्टा पुरे. मीही गेले आहे बरं का. २०१२ साली आम्ही बँकेतले सहा जण सहकुटुंब बँकॉक-पट्टायाला गेलो होतो. यादी घेऊन गेले होते मी, कोणाकोणाला काय आणायचं त्याची. सोळा घरं होती त्यात. चार दिवसांतला दीड दिवस अत्तराच्या बाटल्या अन् चॉकलेटचे डबे मोजण्यात गेला. आमच्या साहेबांच्या मिसेसना मोत्यांची माळ घ्यायची होती, म्हणून सगळ्यांनी तीन तास मोत्यांच्या दुकानात बसायचं. माझा पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. आज त्याला विचारलं तर त्याला त्या सहलीतला विमानतळावरचा सरकता रस्ता तेवढा आठवतो. उभं राहिलं तरी पुढं जाता येते, याचं त्याला फार नवल वाटलं होतं. त्यावर त्यानं अकरा फेऱ्या मारल्या, आम्ही विमानाची वाट पाहत होतो तेव्हा, फुकट. गेल्याचा मला पस्तावा नाही. पण ती सहल आमच्या साहेबांच्या घराच्या मापानं शिवली होती, आम्ही ती घालून फिरलो.

तुमचंही तसंच होऊन राहिलं का ते पाहा. सिंगापूर कोणी निवडलं? सात दिवस कोणी ठरवले? मे महिन्याचा तिसरा आठवडा कोणाच्या सोयीचा? कृषी केंद्रवाल्यांचा धंदा जूनमध्ये पेटतो, त्याआधी त्यांना मोकळीक. मास्तरांना सुट्टी, आपल्याकडं शाळा तशाही जूनच्या अखेरीस उघडतात. तुझ्या पोरीचं मात्र बारावीचं वर्ष एप्रिलातच सुरू झालं.

तिच्याबद्दल मला खरं बोलायचं आहे. ती म्हणते 'मला नाही यायचं, क्लास बुडेल.' सतरा वर्षांची पोर सिंगापूर नको म्हणते, हे तू सरळ घेतलंस? उन्हाळ्यात तुमच्याकडं सगळे अंगणात नाहीतर गच्चीवर झोपत असतील. तुम्ही दोघं रात्री बोअर, गोफ, सोसायटी बोलता तेव्हा बाजूच्या खाटेवर ती जागी असते. कास्तकाराच्या घरातल्या थोरल्या पोरी बाजारभाव पाहून भूक सांगतात. तिला एकटीला बसवून विचार, पैशाचं काढू नको. 'क्लास नसता तर आली असतीस का, अन् कुठं?' एवढंच. मग गप्प बस. ती बोलेल.

आता जवाईबुवांचा तो प्रश्न, ज्यावर तुला उत्तर सुचत नाही. त्याला उलटून उत्तर देऊच नको. तो माणूस वीस-बावीस वर्षं पहाटे लाइनीच्या वेळा सांभाळून मोटर चालू करायला जातो, झाडांवर कोळशीची काळी बुरशी आली की डोक्याला हात लावतो, फळगळ झाली की आठ दिवस जेवत नाही, अन् मित्रांच्या बरोबरीनं एकदा बूट-पँट घालून विमानाच्या दारात फोटो काढावा एवढी त्याची इच्छा आहे. त्यात उधळेपणा काय आहे? पण चार मित्रांसमोर तो 'हो' म्हणून बसला असेल, अन् आता घरातून कोणी तरी नाही म्हणावं म्हणजे आपलं तोंड राहील, असंही असू शकते. तेव्हा तू 'नाही' म्हणू नको. तू तारीख दे.

माझं मत सांगते. या मे महिन्यात सिंगापूर नको. पुढच्या मे महिन्यात जा.

'पुढच्या वर्षी' म्हणजे आपल्याकडं कधीच नाही, हे मला माहीत आहे. म्हणून त्याला खुंटा ठोकू. पुढच्या वर्षी मार्चपर्यंत पोरीची बारावी झालेली असेल. नीट साधारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असते. त्यानंतर निकालापर्यंत पोर रिकामी, बाग ताणावर, मुलाला सुट्टी. अन् ऑगस्ट-सप्टेंबरात ती कुठल्या ना कुठल्या होस्टेलात गेली की मग तुम्ही चौघं एका घरात राहणारे असे पुन्हा सुट्टीपुरतेच. ते पंधरा-वीस दिवस तुमच्या घराचे आहेत, कृषी केंद्रवाल्यांच्या सोयीचे नाहीत. पुढच्या वर्षी कॉलेजचा खर्चही तोंडावर असेल, हे मी विसरले नाही. म्हणून तर सात दिवस अन् दोन देश नको. चार रात्री, एक देश. मलेशियाला सध्या भारतीयांना व्हिसा लागत नाही, सिंगापूरला लागतो. पुढच्या वर्षी काय नियम असेल ते बुकिंगच्या आधी पाहून घ्या, अशा सवलती मुदतीच्या असतात.

पैसे असे. जूनचं पीककर्ज उचलायचंच धरून, उरलेल्या १ लाख ४० हजारांतले ७० हजार आत्ताच, या आठवड्यात, पोस्टात एका वर्षाच्या ठेवीत टाक, तुझ्या नावानं. दोन म्हशींचं दूध डेअरीला जात असेल, त्यातून महिन्याला पाच हजार बँकेच्या आवर्ती खात्यात. वर्षभरात ६० हजार झाले. हे सव्वा लाखाच्या वर जाते, त्याला मृग कसाही गेला तरी हात लावायचा नाही. मृग बरा गेला तर त्यातून भर घाला अन् परदेशी जा.

नाहीच गेला बरा, तर त्याच पैशात नेपाळ करा. तोही परदेशच आहे, कोणी नाही म्हणून दाखवावं. नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, तिथून सोनौलीची सीमा, पलीकडं लुंबिनी, मग काठमांडू, पशुपतिनाथ. आपल्याकडचे कितीतरी लोक लुंबिनीला दरवर्षी जातात, गावात विचार, माहिती घरबसल्या मिळेल. मतदान कार्डावर जाता येते. मोठ्या माणसांचं आधार मात्र तिथं चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. पशुपतिनाथाचं नाव काढलंस की सासूबाईंचे गुडघे कितपत दुखतात तेही कळेल.

अन् पासपोर्ट मात्र आत्ताच काढा. तारीख दिली याचा पुरावा तोच. मोठ्यांचे १५०० रुपये, दहा वर्षांसाठी. मुलाचे १०००, तो पाच वर्षं नाहीतर अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल तोवर चालेल. पोरगी पंधराच्या वर आहे, तिला मोठ्यांसारखा दहा वर्षांचा घेता येतो, १५०० भरून. पुढं शिकायला कामी येईल. म्हणजे चौघांचे साडेपाच हजार. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नाहीतर जवळचं पोस्टातलं केंद्र निवडून कागद दाखवायला जायचं, नंतर पोलिसांची चौकशी तुमच्या ठाण्यातून. यात वेळ जातो तो नावात. तुझं टीसीवर माहेरचं नाव असेल, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, अन् जन्मतारीख मास्तरांनी लिहिली ती. माझ्या टेबलावर एका बाईचे चार कागद अन् चार बाया असायच्या. आधी कागद एका नावावर आण, मग अर्ज. दोन-तीन महिने जातील यात, अन् म्हणूनच आत्ता.

मित्रांना काय सांगायचं? जवाईबुवांनी सांगावं, 'पोरीचं बारावीचं वर्ष, आम्ही पुढच्या मेमध्ये जाऊन राहिलो, पासपोर्ट टाकले आहेत.' यात खोटं काही नाही अन् मान खाली घालायचंही काही नाही. एजंट म्हणेल दोनच सीटा राहिल्या. त्याच्याकडं नेहमी दोनच राहिलेल्या असतात.

आता तुझी शेवटची ओळ. दोन पानांच्या पत्रात तू सगळ्यांचं लिहिलंस, नवऱ्याचं, पोरीचं, पोराचं, सासूचं, जावेचंही. स्वतःचं एक वाक्य: मी अजून समुद्र पाहिला नाही. तेही काय करूच्या आधी, घाईघाईत. मग मी त्या पॅकेजचा कार्यक्रम पाहिला, तू सोबत जोडलेला. त्यात समुद्राला अर्धा दिवस आहे, सेंटोसा बेटावर, अन् त्यातही युनिव्हर्सल. म्हणजे ५ लाख २० हजार देऊन तुला समुद्र बसच्या खिडकीतून दिसला असता.

समुद्रासाठी पुढच्या मेची वाट पाहू नको. तो आपल्याच राज्यात आहे. उरलेल्यातले चाळीसेक हजार यंदा त्याला लाव. बाकीचे तीस घरात ठेव, पावसाळ्यात कोणी ना कोणी आजारी पडतेच. बेलोऱ्याला, अमरावतीच्या विमानतळावर, १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे. छोटंसं, पंखेवालं. दिवस अन् भाडं पाहून जाताना तेच घ्या, जवाईबुवांचा दारातला फोटो तिथंच होऊन जाईल. येताना अमरावतीची रेल्वे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते अन् उन्हाळ्यात पटकन भरते, तेव्हा पत्र वाचून झालं की आधी ते कर. मुंबईत एक रात्र काढा, गेटवेहून मांडव्याची बोट धरा, तिथून अलिबाग. पावसाळ्याच्या तोंडावर ती बोट बंद होते, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. पोरीचे क्लासचे चार दिवस बुडतील. चार दिवसांनी नीट जात नाही, हे तिला मी सांगितलं म्हणून सांग. सासूबाईंकडं जावेला ठेव. बोलली ना फुकटचं, आता चार दिवस म्हशीही तिनंच पाहाव्या.

पहिल्यांदा पाण्यात उभी राहिलीस की लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, अन् घेरी आल्यासारखं वाटते. भिऊ नको, सगळ्यांनाच वाटते. पोराचा हात धर. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येते, साडी पोटरीपर्यंत खोचून. फक्त निघायच्या आधी भरतीची वेळ तिथल्या माणसाला विचारून घे, नाहीतर पाणी उतरेपर्यंत किल्ल्यातच बसावं लागते.

तुझी,
काकू